हेलसिंकीचे कांस्य आणि हायडेलबर्गचे सुवर्ण

१/ २३ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव यांनी फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. दुसऱ्याच दिवशी हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशाचे लक्ष तिकडे वळले.

२/ खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान असल्याने तालमीचे संस्कार घरातच झाले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकत असताना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाचा भार उचलला.

३/ लंडनमध्ये आव्हान दुहेरी होते. तांबड्या मातीत वाढलेल्या मल्लाला गादीवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी लढायचे होते. मातीत प्रतिस्पर्ध्याला चीत केले की कुस्ती संपते. गादीवर मात्र पकडीगणिक गुणांचा हिशेब चालतो. तरीही फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले.

४/ १९५२ मध्ये संघात स्थान मिळाले, पण प्रवासाचे पैसे नव्हते. तेव्हा राष्ट्रीय संघात निवड होणे म्हणजे खर्चाची हमी नव्हे. गावकऱ्यांनी वर्गणी काढली. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर यांनी तर आपले घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले.

५/ हेलसिंकीत खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवले. पुढची लढत जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. पंधरा मिनिटांची ती झुंज खाशाबांनी अगदी थोडक्यात गमावली. हेच इशी पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले.

६/ यानंतरचा प्रसंग खाशाबांच्या चरित्रात हटकून सांगितला जातो. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळावी, असा नियम होता. पण सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्ह यांच्याशी लढण्यासाठी त्यांना लगोलग बोलावण्यात आले. नियमावर बोट ठेवून दाद मागणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा हरले.

७/ कराड स्थानकावर मात्र स्वागताला लोटलेला जनसमुदाय अपूर्व होता. १५१ बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरपर्यंत निघाली. त्यानंतर खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवले आणि त्या उत्पन्नातून खर्डेकरांचे घर सोडवले. कर्ज देशाच्या पदकासाठी झाले होते. फेडले मात्र पैलवानाने.

८/ १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० सालचा. त्यांच्यानंतरच्या पुढच्या वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी देशाला ४४ वर्षे थांबावे लागले. ते १९९६ मध्ये लिअँडर पेस यांनी आणले.

९/ कराडहून दक्षिणेला, त्याच महामार्गावर सांगली जिल्ह्यातील पेठ हे गाव लागते. तेथील मुरलीकांत पेटकर हे सैन्यातील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. उपचाराचा भाग म्हणून त्यांनी पोहणे सुरू केले आणि त्यातच प्रावीण्य मिळवले.

१०/ १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये पेटकरांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पार केली. विश्वविक्रमासह मिळालेले हे भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक. येथेही प्रवासखर्चाला धावून आले ते सरकारबाहेरचे, क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकारातून चालणारे काम. पद्मश्री मिळाली २०१८ मध्ये, म्हणजे ४६ वर्षांनी.

११/ २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक जिंकले. आज पदकविजेत्यांना शासनाची रोख बक्षिसे आणि प्रशिक्षणाच्या योजना आहेत. १९५२ मध्ये त्या जागी एका प्राचार्यांचे गहाण पडलेले घर होते. खाशाबांच्या कांस्यपदकाचा इतिहास सांगताना खर्डेकरांचे नाव म्हणूनच वगळता येत नाही.