दप्तर कोणाच्या हाती?

कुळकर्ण्याचे दप्तर असो, की चर्चमधील बाप्तिस्म्यांची नोंदवही असो, जिच्या नोंदी गेल्या त्या संस्थेची स्मृतीच गेली, असे समजावे. म्हणून दप्तर कोणाच्या स्वाधीन करावयाचे, हे पूर्वीचे लोक माणूस पारखून ठरवीत. आता दप्तर संगणकात गेले आणि ते राखण्याचे काम डेटाबेस नावाच्या प्रणालीकडे आले. ही प्रणाली नामांकित कंपनीकडून विकत घ्यावी, की जिची घडण सर्वांना पाहता येते आणि जी विनामूल्य मिळते अशी ओपन सोर्स, म्हणजे मुक्तस्रोत, प्रणाली पत्करावी? हा प्रश्न 2002 साली एका मोठ्या व्यवहारात उभा राहिला. त्याचा इतिहास आजही उद्बोधक आहे.

त्याची पूर्वपीठिका अशी. 1970 साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड ह्यांनी माहिती परस्परसंबद्ध तक्त्यांच्या रूपाने साठवावी, हा सिद्धांत मांडला. त्याच्या आधारे कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कली येथे, मायकेल स्टोनब्रेकर व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रथम ‘इंग्रेस’ ही प्रणाली बांधली आणि 1986 साली ‘पोस्टग्रेस’ ह्या नव्या प्रकल्पास हात घातला. पुढे विद्यापीठाने तो प्रकल्प आटोपता घेतला. असे प्रकल्प एरवी कपाटात धूळ खात पडतात. परंतु ह्याचा परवाना उदार होता. अँड्र्यू यू आणि जॉली चेन ह्या दोघा विद्यार्थ्यांनी 1994 साली त्याला एसक्यूएल ह्या प्रश्नभाषेची जोड दिली, आणि 1996 पासून देशोदेशींचे जाणकार ‘पोस्टग्रेस-क्यूएल’ ह्या नावाने त्याची जोपासना करू लागले. त्याला मालक नव्हता. बिघाड झाल्यास जिच्या दारी जाऊन जाब विचारावा, अशी एक कंपनीही नव्हती.

इंटरनेटवरील पुष्कळ सेवाभावी संस्थांचे पत्ते ‘डॉट ऑर्ग’ ह्या अक्षरांनी संपतात. अशा प्रत्येक नावाची नोंद एका मध्यवर्ती वहीत असते. ती वही विस्कटली, तर संस्थेचे संकेतस्थळ सापडेनासे होईल आणि टपाल अडेल. व्हेरिसाइन कंपनीकडे असलेली ही वही 2002 अखेर दुसऱ्याकडे सोपवावयाची होती. नियामक संस्था आयकॅनकडे अकरा प्रस्ताव आले. त्यांपैकी इंटरनेट सोसायटीच्या प्रस्तावात वही राखण्याचे तांत्रिक काम अफिलियास ही कंपनी करणार होती, आणि तीही पोस्टग्रेसवर! साहजिकच शंका निघाल्या. एवढा भार ही फुकटची प्रणाली पेलील काय?

ह्या शंकेला खरे उत्तर अनुभवाने दिले. अफिलियास 2001 पासून ‘डॉट इन्फो’ ह्या नावांची वही पोस्टग्रेसवर चालवीत होती, आणि प्रणालीचे अंतरंग जाणणारी माणसे तिच्या पदरी होती. ऑक्टोबर 2002 मध्ये निवड इंटरनेट सोसायटीची झाली. जानेवारी 2003 मध्ये पंचवीस लाखांहून अधिक नावांची वही नव्या घरी आली आणि तेथे सुरळीत नांदली. एक उणीव मात्र होती. मूळ दप्तराची जिवंत प्रत दुसऱ्या यंत्रावर सतत तयार ठेवण्याची पुरेशी सोय पोस्टग्रेसमध्ये नव्हती. अफिलियासने यान वीक ह्या तज्ज्ञाकडून ‘स्लोनी’ नावाचे साधन तयार करवून घेतले आणि 2004 साली ते सर्वांसाठी खुले केले.

ह्यावरून मुक्त ते सारे निर्दोष, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे होईल. चकतीवर लिहिताना चूक झाली असता पोस्टग्रेस पुन्हा प्रयत्न करी. लिनक्सवर तो दुसरा प्रयत्न यशस्वी झाल्याचा निरोप येई, पण मजकूर प्रत्यक्षात गेलेला असू शके. हा दोष वर्षानुवर्षे दडून राहिला होता आणि 2018 साली उजेडात आला. उघडे दारसुद्धा आत डोकावणारा कोणी असेल तरच उपयोगी पडते. दोष कळल्यावर मात्र चर्चा सर्वांसमक्ष झाली आणि फेब्रुवारी 2019 मध्ये दुरुस्ती मिळाली. अशी चूक होताच प्रणाली आता काम थांबविते आणि आपल्या रोजकीर्दीवरून दप्तर पुन्हा उभे करते.

कधी प्रणाली निर्दोष असते आणि व्यवस्था सदोष. 31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅब कंपनीत एका कर्मचाऱ्याच्या हातून पोस्टग्रेसमधील मुख्य माहिती चुकून पुसली गेली. प्रती घेण्याच्या अनेक योजना कागदोपत्री होत्या. परंतु ऐन वेळी त्यांपैकी बहुतेक कुचकामी ठरल्या. सुदैवाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती लागली. मधल्या काळातील नोंदी कायमच्या गेल्या. विकत घेतलेली प्रणाली असती, तरी न तपासलेल्या प्रतीने दगाच दिला असता.

तेव्हा एखाद्या पतपेढीने किंवा शाळेने हा निर्णय घेताना केवळ किंमत पाहू नये, आणि नाव ऐकून भुलूही नये. ही प्रणाली जाणणारा माणूस आपल्यापाशी आहे काय? प्रतीवरून सारे दप्तर पुन्हा उभे करून कोणी पाहिले आहे काय? उद्या प्रणाली बदलावी लागली, तर आपल्या नोंदी आपल्याला जशाच्या तशा नेता येतील काय? हे आधी विचारावे. परवान्याचे जे पैसे वाचतील, त्यांतील मोठा वाटा जाणत्या माणसाच्या वेतनावर आणि प्रतींच्या नियमित तपासणीवर खर्चावा. तेवढी तयारी नसेल, तर विनामूल्य मिळालेली प्रणालीही त्या संस्थेस महागच पडेल.