मढीची होळी आणि युरोपातील वसंताग्नी

शिमगा जवळ आला की आपल्यातील सुशिक्षित मंडळी संकोचू लागतात. बोंबा, शिव्या, धूळवड यांत रानटीपणाखेरीज काय आहे, असे ती विचारतात. आणि युरोपातील वसंताग्नींची वर्णने मात्र कौतुकाने वाचतात. हा पंक्तिप्रपंच आम्हांस न्याय्य वाटत नाही.

आयर्लंड व स्कॉटलंडात मे महिन्याच्या आरंभी बेल्टेनचे अग्नी पेटवीत आणि गुरांस रोगबाधा होऊ नये म्हणून ती दोन अग्नींमधून हाकीत. जर्मनीत ३० एप्रिलच्या वाल्पुर्गिस रात्री चेटकिणींस पळवून लावण्यासाठी आगट्या पेटत. पोलंडात हिवाळ्याची गवती प्रतिमा, मार्झान्ना, जाळतात किंवा पाण्यात बुडवितात. आता आपल्याकडील ढुंढा राक्षसीची कथा पाहा. मुलांस पीडा देणाऱ्या या राक्षसीस अग्नी व आरडाओरडा यांनी हाकून द्यावे, असे भविष्योत्तर पुराण सांगते. म्हणजे आमची बोंबही निव्वळ असभ्यता नव्हे.

हे साम्य कशामुळे? अग्नी हे सूर्याचे अनुकरण होय, असे मॅनहार्टचे मत. तो अनिष्टाचा नाश करतो, असे वेस्टरमार्कचे. ‘द गोल्डन बाऊ’कर्ता फ्रेझर १९१३ साली या दुसऱ्या मताकडे झुकला. ढुंढेची कथाही त्याच बाजूने साक्ष देते. शिवाय जैमिनिसूत्रांवरील शाबरभाष्यात होलाका हा प्राच्यांचा आचार म्हणून आला आहे. तेव्हा आमची होळी कालपरवाची नव्हे.

परंतु अग्नी का पेटतो हे कळले, तरी तो कोण पेटवितो हा प्रश्न उरतोच. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) पाथर्डी तालुक्यातील मढी हे कानिफनाथांचे समाधिस्थान. भटक्यांची पंढरी म्हणून त्याची ख्याती आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत येथे यात्रा भरते, आणि तिचा गाढवांचा बाजार सर्वश्रुत आहे. येथील मानाची होळी गोपाळ समाजाची. गड बांधताना त्यांच्या पूर्वजांनी दगड वाहिले म्हणून हा मान मिळाला, असे परंपरा सांगते. ही कथा इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरेल ते असो. ज्यांना गावोगाव वेशीबाहेर उतरावे लागे, त्यांच्या हातचा अग्नी येथे अग्रमानाचा ठरतो, हे मात्र प्रत्यक्ष आहे.

ग्रंथांतील सिद्धान्तांनी होळी जगाशी जोडली. मढीच्या होळीने ती श्रमाशी जोडली. शिमग्यास नाक मुरडण्यापूर्वी आम्ही हे दुसरे नाते एकदा पाहून यावे, हे बरे.