हेली-हेली रोग

हेली-हेली रोग हा काख, जांघ, मान, स्तनांखालची जागा अशा शरीराच्या घड्यांमध्ये होणारा दुर्मिळ आनुवंशिक त्वचारोग आहे. ह्यू आणि हॉवर्ड हेली या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ बंधूंनी १९३९ मध्ये त्याचे वर्णन केले. ‘सौम्य कौटुंबिक पेम्फिगस’ हे त्याचे दुसरे नाव फारसे समर्पक नाही. पेम्फिगसप्रमाणे यात रोगप्रतिकारशक्ती त्वचेवर उलटत नाही, आणि रुग्णाच्या दृष्टीने तो सौम्यही नसतो.

तिसऱ्या गुणसूत्रावरील एटीपी२सी१ या जनुकात दोष असल्याने पेशींतील कॅल्शियमचे नियमन बिघडते आणि बाह्यत्वचेच्या पेशी एकमेकींपासून सुटतात. बाधित व्यक्तीच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. रोग संसर्गजन्य नाही.

== निदान ==
लक्षणे बहुधा तारुण्यात किंवा त्यानंतर दिसू लागतात. फोड लवकर फुटून ओलसर, दुर्गंधीयुक्त, भेगाळलेले चट्टे उरतात. घाम, घर्षण व उष्णतेने ते वाढतात. त्यामुळे मुंबईसारख्या दमट शहरात, गर्दीच्या लोकलने रोज प्रवास करणाऱ्या रुग्णाला उन्हाळा विशेष जड जातो.

चट्टे गजकर्णासारखे दिसत असल्याने अनेकदा औषधाच्या दुकानातून स्टिरॉइडमिश्रित मलम आणून लावले जाते. त्याने काही दिवस बरे वाटते, पण निदान लांबते व त्वचा पातळ होते. अशी अनेक स्टिरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास केंद्र सरकारने २०१८ मध्ये मनाई केली.

कुटुंबातील इतिहास आणि नखांवरील उभ्या पांढऱ्या रेषा यांवरून संशय बळावतो. खात्री मात्र बायोप्सीनेच होते. सूक्ष्मदर्शकाखाली पेशींचा थर मोडकळीस आलेल्या विटांच्या भिंतीसारखा दिसतो. पेम्फिगस वगळण्यासाठी इम्युनोफ्लुरोसन्स तपासणी करतात. या रोगात ती नकारात्मक येते. परळच्या केईएमसारख्या, वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या महापालिका रुग्णालयांत त्वचारोग विभाग असतो. वारंवार उलटणाऱ्या ‘गजकर्णा’साठी तेथे जाणे श्रेयस्कर.

== उपचार ==
रोग समूळ बरा करणारे औषध नाही. सैल सुती कपडे, घड्या कोरड्या ठेवणे, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली अल्पकाळ स्टिरॉइड मलम, तसेच जिवाणू वा बुरशीचा संसर्ग असल्यास त्यावरील औषध हा मूळ उपचार होय. डॉक्सिसायक्लिन, अल्प मात्रेतील नाल्ट्रेक्सोन, घाम कमी करणारी बोटुलिनम इंजेक्शने आणि लेसर यांचाही काही रुग्णांना उपयोग होतो. अचानक तीव्र वेदना व ताप आल्यास नागिणीच्या गटातील हर्पिस विषाणूचा संसर्ग संभवतो. अशा वेळी त्वरित रुग्णालय गाठावे.