रेषेच्या अलीकडे, पलीकडे

लखनौचा बडा इमामबाडा पाहावयास जावे, तर वाटाड्या एक आख्यायिका हमखास सांगतो. १७८४ च्या दुष्काळात रयतेच्या हाताला काम मिळावे म्हणून नवाब असफउद्दौल्याने ही वास्तू उभारावयास घेतली. आणि घरंदाज माणसांना दिवसाउजेडी मजुरी करण्याची लाज वाटे, म्हणून त्यांच्यासाठी रात्रीचे काम ठेवले. नवाबापुरता प्रश्न सोपा होता. जो काम मागावयास येईल, तो गरजू. आधुनिक राज्याला मात्र गरिबांची गणना करावी लागते, आणि गणनेपूर्वी रेषा आखावी लागते.

आपल्याकडे अशा मापाचा पहिला ठळक प्रयत्न दादाभाई नौरोजींचा. १८७६ साली मुंबईत वाचलेल्या निबंधात त्यांनी तुरुंगातील कैद्याच्या अन्नवस्त्राचा खर्च हेच माप धरले, आणि सामान्य प्रजाजनाचे उत्पन्न तेवढ्यालाही पुरत नाही हे दाखवून दिले. पुढे १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी दररोज २,२५० उष्मांकांचा आहार आधारास घेतला. १९६०-६१ च्या किंमतींनुसार खेड्यात वर्षाला १८० रुपये आणि शहरात २७० रुपये, ही त्यांची रेषा.

रेषा हलली की काय होते, हे २००९ मध्ये सुरेश तेंडुलकर समितीच्या अहवालाने दिसले. समितीने उष्मांकांचा आधार सोडला, शिक्षण व औषधपाण्याचा खर्च विचारात घेतला, आणि शहराचेच माप खेड्यालाही लावले. त्याबरोबर २००४-०५ सालच्या उत्तर प्रदेशातील गरिबांचे प्रमाण शेकडा ३२.८ वरून ४०.९ वर गेले. साल तेच, माणसे तीच. कोणाच्याही ताटातली भाकरी कमी झाली नव्हती. मग हे घडले कसे? रेषेच्या दोन्ही अंगांना माणसांची दाटी असते. रेषा थोडी वर सरकली, तरी लक्षावधी माणसे एका बाजूची दुसऱ्या बाजूस जातात.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. १९९७ पासून स्वस्त धान्यासाठी राज्याराज्यांत किती कुटुंबे गरीब धरावयाची, हे अशाच अंदाजांवरून ठरू लागले. रेषेच्या किंचित वर असलेल्या घराची चूल काही अधिक धगधगत नसते. इमामबाड्याच्या आख्यायिकेत गरजवंताचा चेहरा अंधार झाकीत होता. आमच्या तक्त्यांत तो आकडा झाकतो. म्हणून गरिबांची संख्या कोणी सांगितली, तर आधी विचारावे: रेषा कोठे आखली होती?