शून्याखालचें पाणी

उन्हाळ्यांत ‘उजनी उणे २० टक्के’ ही वार्ता सोलापुरास नवी नाहीं. धरणाचा तळ उघडा पडला, असा तिचा अर्थ नव्हे. १९८० सालीं पूर्ण झालेल्या या धरणांत मृत साठा सुमारें ६३.६ अब्ज घनफूट आहे आणि त्यावर उपयुक्त साठा ५३.५ अब्ज घनफूट. मृत साठ्याच्या माथ्यास शून्य मानिलें आहे. वर धन, खालीं ऋण. उणे २० म्हणजे उपयुक्त साठ्याच्या पांचव्या भागाएवढें पाणी मृत साठ्यांतून गेलें.

धन, ऋण व शून्य यांच्या गणिताचे नियम ब्रह्मगुप्तानें इ. स. ६२८ मध्यें सांगितले. बाराव्या शतकांत भास्कराचार्यांनीं ‘लीलावती’मध्यें एक त्रिकोण घेतला: पाया ९, बाजू १० व १७. लंब पायाबाहेर पडतो, आणि पायाचा एक खंड उणे ६ येतो. तें उत्तर त्यांनीं अशक्य म्हणून टाकिलें नाहीं. ऋण म्हणजे उलट दिशा, असा अर्थ लाविला.

म्हणूनच उणे २० वरून उणे १० वर येणें ही वाढच होय. परंतु शून्याखालीं उपसलेलें पाणी हें पुढच्या पावसावर काढिलेलें कर्ज; पहिले पूर त्याच्या फेडींत जातात, आणि मगच शिल्लक मोजावयाची.