सुरतेचा हिवाळा आणि भाज्यांच्या वाणांची निवड

तापीच्या मुखाजवळ, खंबातच्या आखातालगत वसलेल्या सुरतेचा हिवाळा सौम्य आणि अल्पकाळ टिकणारा असतो. जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते. दुपारी मात्र पारा ३० अंशांच्या आसपास असतो. समुद्राच्या सान्निध्यामुळे हवेत दमटपणा राहतो, सकाळी दहिवर पडते आणि अधूनमधून धुकेही दाटते. अशा हवामानात पिकाइतकीच वाणाची निवडही निर्णायक ठरते. अयोग्य बी पेरले गेल्यास दोष ध्यानात येईपर्यंत हंगाम सरलेला असतो.

तापमानाची गरज

फुलकोबी हे याचे ठळक उदाहरण होय. ‘पुसा मेघना’सारख्या हळव्या वाणाचा गड्डा २० ते २७ अंश तापमानात भरतो, तर ‘पुसा स्नोबॉल’ गटातील गरव्या वाणांना १० ते १६ अंशांची थंडी लागते. उत्तर भारतासाठी योग्य असलेला स्नोबॉल सुरतेच्या उबदार दुपारी नुसती पाने वाढवतो किंवा सैल गड्डा धरतो. याउलट, हळवा वाण उशिरा, थंडीत लावल्यास रोप लहान असतानाच बटणाएवढे गड्डे येतात. मुळ्यातही ‘पुसा चेतकी’ उष्णता सोसतो, ‘पुसा हिमानी’ला मात्र थंडी हवी. गाजरात ‘पुसा केसर’ हा देशी वाण ‘नांतेस’ या युरोपीय वाणापेक्षा उबदार हवा अधिक मानवून घेतो.

दिवसाची लांबी

सुरतेची ओळख ठरलेली पापडी, म्हणजे वालाच्या कोवळ्या शेंगा, प्रकाशकालावर अवलंबून असते. पारंपरिक वेलवर्गीय वाण दिवस लहान झाल्याखेरीज फुलत नाहीत. डिसेंबरात येथील दिवस ११ तासांहून किंचित लहान असतो. त्यामुळे शेंगांचा बहर हिवाळ्यात येतो आणि संक्रांतीच्या उंधियूला पापडी मिळते. हे वाण लवकर पेरले तरी वेल वाढतो, शेंगा मात्र आपल्या वेळीच लागतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ हा बुटका वाण दिवसाच्या लांबीला फारसा बांधील नाही. म्हणून इतर हंगामांतही तो घेता येतो.

कतारगामची पापडी बाजारात आजही नावाने ओळखली जाते. कतारगाम मात्र आता हिऱ्यांना पैलू पाडणाऱ्या कारखान्यांनी गजबजले आहे. जमीन गेली की स्थानिक वाणाचे बीही हरवण्याचा धोका असतो. वाल प्रामुख्याने स्वपरागीभवन करणारे पीक असल्याने निरोगी वेलांवरील शेंगा पूर्ण वाळवून घरच्या घरी बियाणे राखता येते. संकरित वाणांच्या बाबतीत हे शक्य नसते, कारण पुढील पिढीत गुण विस्कळीत होतात.

धुके आणि रोग

पाने तासन्‌तास ओली राहिली की केवडा आणि करपा यांचे बीजाणू रुजतात. भुरीला ओल्या पानाची गरज नसते. दमट रात्र आणि कोरडा दिवस तिला पुरतो. वाटाण्यात ‘अर्का अजित’ हा वाण भुरी व तांबेरा या दोन्हींना प्रतिकार करतो. टोमॅटोत ‘अर्का रक्षक’ हा संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांना तोंड देतो. प्रतिकारक्षम वाण असला तरी रोपांत मोकळे अंतर ठेवणे आणि पाणी पानांवर न शिंपडता बुंध्याशी देणे आवश्यक असते.

गोव्यासाठी काय घ्यावे?

सुरतेचा अनुभव गोव्यात जसाच्या तसा लागू होत नाही. पणजीत जानेवारीचे किमान तापमानही २० अंशांच्या आसपास असते. त्यामुळे फुलकोबीत हळव्या गटाबाहेर जाणे जोखमीचे ठरते. सुरतेची जमीन खोल, काळी आहे, तर गोव्याची बरीचशी जांभ्याची, आम्लधर्मी. येथे वांगी व टोमॅटो यांना जिवाणूजन्य मर रोग अधिक सतावतो. भरल्या वांग्यासाठी सुरती लहान वांगे आकर्षक वाटले, तरी मररोगग्रस्त वाफ्यात ‘अर्का निधी’ वा ‘अर्का केशव’ हे प्रतिकारक्षम वाण अधिक भरवशाचे आहेत. आगशीच्या वांग्यासारखा स्थानिक वाण तर याच मातीत पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे.

बियाण्याचे पाकीट घेताना वाणाचे नाव, पेरणीचा काळ, रोगप्रतिकाराचा उल्लेख आणि वैधतेची तारीख या चार बाबी पाहाव्यात. ‘हिवाळी भाजी’ एवढाच शिक्का पुरेसा नाही. नवा वाण प्रथम एका वाफ्यात, नेहमीच्या वाणाशेजारी लावून पाहिल्यास संपूर्ण हंगाम पणाला लागत नाही.