प्रकृती, लक्षण आणि नमुना : दूरचित्रवाणीवरील स्पर्धकांच्या स्वभावनिदानाचा पूर्वेतिहास

१. खेळाचे स्वरूप

माणसांचे स्वभाव पाहून त्यांचे प्रकार पाडणे ही मानवी बुद्धीची फार जुनी सवय आहे. अलीकडच्या काळात ही सवय एका करमणुकीच्या रूपाने नव्याने प्रकट झाली आहे. दूरचित्रवाणीवर एका बंद घरात राहणाऱ्या स्पर्धकांचे वर्तन पाहावयाचे. त्यांपैकी कोण अंतर्मुख, कोण बहिर्मुख, कोण विचारप्रधान, कोण भावनाप्रधान हे ठरवावयाचे. आणि प्रत्येकास सोळा नमुन्यांपैकी एकाचे चार अक्षरी नाव द्यावयाचे, असे या खेळाचे स्वरूप आहे. खेळणाऱ्यांस त्यात अंदाज बरोबर ठरल्याचा आनंद मिळतो, आणि त्याहून अधिक वादाचा. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. तथापि दूरच्या व्यक्तीचा स्वभाव अपुऱ्या पुराव्यावरून ठरविणे हे इतिहासलेखकाचेही नित्याचे काम आहे; त्यामुळे या खेळाची परंपरा व पद्धती तपासून पाहणे इतिहासाच्या अभ्यासकास अप्रस्तुत ठरू नये.

या खेळात दोन स्वतंत्र प्रवाह एकत्र आले आहेत. पहिला प्रवाह दूरचित्रवाणीचा. नेदरलँड्समध्ये १९९९ च्या सप्टेंबरमध्ये ‘बिग ब्रदर’ हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचा हिंदी अवतार ‘बिग बॉस’ या नावाने २००६ मध्ये, आणि मराठी अवतार एप्रिल २०१८ मध्ये प्रेक्षकांसमोर आला. दुसरा प्रवाह मानसशास्त्राचा. स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचा मानसिक प्रकारांवरील ग्रंथ १९२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारे कॅथरीन ब्रिग्ज व त्यांची कन्या इझाबेल ब्रिग्ज मायर्स या अमेरिकन मायलेकींनी एक प्रश्नावली रचली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकारास आलेली ही प्रश्नावली १९६२ मध्ये संशोधनासाठी प्रसिद्ध झाली. चार द्वंद्वे आणि त्यांच्या संयोगातून निष्पन्न होणारे सोळा नमुने ही मांडणी तिचीच होय. विशेष हे की, ज्यांच्या नावाने ही मांडणी चालते त्या युंग यांनीच आपल्या ग्रंथाच्या आर्जेंटिनातील आवृत्तीच्या १९३४ मधील प्रस्तावनेत, माणसांवर अशा चिठ्ठ्या चिकटविणे हा घरबसल्या खेळावयाचा पोरखेळ होय, अशा आशयाचा इशारा देऊन ठेवला होता.

२. सोळा सत्त्वे, चार मिजाज आणि मूर्खलक्षणे

सोळा ही संख्या भारतीय वाचकास अगदीच अपरिचित नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, चौथ्या अध्यायात, मनाच्या म्हणजे सत्त्वाच्या प्रकारांचे विवेचन आले आहे. तेथे शुद्ध सत्त्वाचे सात, राजस सत्त्वाचे सहा आणि तामस सत्त्वाचे तीन असे सोळाच प्रकार वर्णिले आहेत. ब्राह्म, आर्ष, ऐंद्र, याम्य, वारुण, कौबेर व गांधर्व हे पहिल्या वर्गातील. आसुर, राक्षस, पैशाच, सार्प, प्रैत व शाकुन हे दुसऱ्या. आणि पाशव, मात्स्य व वानस्पत्य हे तिसऱ्या. संख्येच्या या साम्यावरून दोन्ही पद्धतींचे नाते जोडणे अर्थातच अशास्त्रीय होईल. लक्षात घेण्याजोगा आहे तो चरकाचा समारोप. सत्त्वाचे भेद वस्तुतः अगणित असून येथे त्यांचा केवळ एक अंश सांगितला आहे, आणि तो सांगण्याचे कारण ज्याच्या त्याच्या सत्त्वानुसार उपचार करता यावा एवढेच होय, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. वर्गीकरणाची मर्यादा आणि त्याचे प्रयोजन अशा दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी नमूद झाल्या आहेत.

मराठवाड्यात या परंपरेच्या शेजारी दुसरी एक परंपरा नांदत होती. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि त्या राज्यात युनानी वैद्यकास राजाश्रय होता. ग्रीक वैद्य गॅलेन व पुढे इब्न सिना यांच्याद्वारे आलेल्या या शास्त्रात रक्त, कफ, पित्त व कृष्णपित्त या चार द्रवांच्या प्रमाणावरून माणसाचा मिजाज ठरविला जातो : दमवी, बलगमी, सफरावी आणि सौदावी. हाच अरबी शब्द मराठीत ‘मिजास’ होऊन रुळला. मूळ अर्थी ‘मिजाज’ म्हणजे मिश्रण. त्यात स्तुती नाही व निंदाही नाही. मराठीत मात्र ‘मिजास’ हा दोषवाचक शब्द झाला. शास्त्रातील वर्गीकरण बाजारात आले म्हणजे त्याचा निवाडा कसा बनतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

तिसरा मार्ग धर्मोपदेशाचा. आजच्या जालना जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या दुसऱ्या दशकात मूर्खाची, उत्तम पुरुषाची, तिन्ही गुणांची आणि शेवटी पढतमूर्खाची लक्षणे सविस्तर सांगितली आहेत. या यादीतील कित्येक लक्षणे वाचताना वाचकास आपल्या ओळखीचे चेहरे आठवतात, आणि समासाच्या लोकप्रियतेचे एक कारण निःसंशय हेच आहे. परंतु समर्थांचा रोख श्रोत्यावर आहे. लक्षणे सांगितली ती त्यांचा त्याग करण्यासाठी, म्हणजे श्रोत्याने ती प्रथम स्वतःत शोधावीत यासाठी.

वैद्याचे वर्गीकरण रोग्याच्या उपचारासाठी होते, उपदेशकाचे श्रोत्याच्या सुधारणेसाठी. दोहोंतही ज्याचे वर्गीकरण व्हावयाचे तो समोर उपस्थित होता. वैद्यास त्याची नाडी पाहता येत होती, आणि श्रोत्यास स्वतःचे मन.

३. बंद घर आणि निवडलेला पुरावा

स्पर्धकांच्या स्वभावनिदानात ही उपस्थिती नाहीशी होते. घरात रात्रंदिवस कॅमेरे चालतात, परंतु प्रेक्षकांपुढे येतो तो सुमारे एका तासाचा भाग. कोणते भांडण दाखवावयाचे, कोणते मौन गाळावयाचे, कोणत्या दृश्यास कोणते संगीत जोडावयाचे, हे संकलक ठरवितो. शिवाय ज्या परिस्थितीत हे वर्तन घडते तीच मुळी विशेष हेतूने रचलेली असते. बाहेरच्या जगाशी संपर्क नाही. सहस्पर्धकांपैकी कोणास बाहेर काढावे याचे नामनिर्देशन करणे भाग. आणि अखेरचा निर्णय प्रेक्षकांच्या मतांवर. अशा ठिकाणी एखादा मनुष्य गप्प बसला तर तो अंतर्मुख आहे, घाबरलेला आहे की डाव ओळखून आहे, हे केवळ त्या गप्प बसण्यावरून ठरविता येणार नाही. परिस्थितीचे कर्तृत्व माणसाच्या स्वभावाच्या माथी मारण्याच्या या प्रवृत्तीस ली रॉस यांनी १९७७ मध्ये कारणारोपणातील मूलभूत दोष असे नाव दिले.

अमरावतीचे शिव ठाकरे यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. २०१७ मध्ये साहसस्पर्धेच्या ‘रोडीज’ या कार्यक्रमात, २०१९ मध्ये मराठी ‘बिग बॉस’मध्ये विजेते म्हणून, आणि २०२२-२३ मध्ये हिंदी ‘बिग बॉस’मध्ये उपविजेते म्हणून ते प्रेक्षकांसमोर आले. व्यक्ती एकच, परंतु नियम, भाषा, सोबती व प्रतिस्पर्धी प्रत्येक वेळी निराळे. यांपैकी एकाच कार्यक्रमावरून केलेले निदान उरलेल्या दोहोंत टिकते की नाही, हे कोणासही ताडून पाहता येईल. टिकले तर स्वभावाविषयी काही बोलता येईल. न टिकले तर आपण स्वभाव न पाहता प्रसंग पाहिला, एवढे तरी निश्चित होईल.

नमुन्याचे वर्णन पटते, म्हणून ते खरे असावे, हा युक्तिवादही फसवा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी ३९ विद्यार्थ्यांस एक चाचणी देऊन प्रत्येकास त्याचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले. वर्णन सर्वांस एकच होते, आणि त्यातील मजकूर बहुतांशी ज्योतिषाच्या एका पुस्तकातून घेतलेला होता. तरीही पाचपैकी सरासरी ४.२६ गुण देऊन विद्यार्थ्यांनी ते अचूक ठरविले. १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगाचा धडा असा की, पुरेसे सैल विधान कोणासही लागू पडते.

४. तवारीख, बखर आणि स्वभावाचा शिक्का

दूरच्या व्यक्तींचे स्वभाव टिपण्याचा एक मोठा उद्योग अठराव्या शतकात औरंगाबादेतच झाला. १७४१ मध्ये नासिरजंगाने पित्याविरुद्ध केलेल्या बंडात सामील झाल्यामुळे शाहनवाज खान यांस निजाम-उल्-मुल्काच्या रोषास पात्र व्हावे लागले. त्यानंतरच्या सुमारे पाच वर्षांच्या एकांतवासात त्यांनी मोगल उमरावांच्या चरित्रांचा ‘मआसिर-उल्-उमरा’ हा फारसी कोश रचण्यास घेतला. पुढे ते पुन्हा सत्तेवर आले आणि १७५८ मध्ये दरबारी कारस्थानांच्या धुमाळीत औरंगाबादेत मारले गेले. घर लुटले गेले, हस्तलिखित विखुरले. त्यांचे स्नेही आझाद बिलग्रामी यांनी त्याचे अवशेष मिळवून जुळविले. पुत्र अब्दुल हय यांनी १७८० मध्ये ग्रंथ पूर्ण केला. या कोशात उमरावाची मनसब, नेमणुका, मोहिमा आणि स्वभावविषयक अभिप्राय एकत्र येतात. त्यामुळे अभिप्राय पटला नाही तरी वाचकास तो त्याच नोंदीतील कृतींशी ताडून पाहण्याची सोय राहते.

याउलट स्वभावाचा शिक्का आधी आणि कृती मागाहून, असे झाले म्हणजे काय घडते, हे ज्यांचे नाव २०२३ पासून या शहरास अधिकृतपणे लाभले आहे त्या छत्रपती संभाजी महाराजांच्या चरित्रलेखनात दिसून येते. महाराजांच्या मृत्यूनंतर सुमारे १२० वर्षांनी मल्हार रामराव चिटणीस यांनी आपली बखर लिहिली. लेखकाचे पूर्वज बाळाजी आवजी यांस महाराजांनी १६८१ मध्ये देहदंड दिला होता. बखरीत महाराज उग्र, व्यसनी व उतावळे असे रंगविले गेले. पुढील लेखकांनी, नाटककारांनी व कादंबरीकारांनी तोच नमुना गृहीत धरला, आणि मग प्रत्येक पराभव त्या स्वभावाचे फळ व प्रत्येक विजय अपवाद ठरू लागला. वा. सी. बेंद्रे यांचे १९६० मधील चरित्र आणि कमल गोखले यांचा १९७१ मधील ‘शिवपुत्र संभाजी’ हा ग्रंथ यांनी समकालीन कागदपत्रांच्या आधारे हे चित्र पालटले. मोगल, सिद्दी व पोर्तुगीज यांच्याशी सुमारे नऊ वर्षे झुंजणारा राजा आणि ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथ रचणारा पंडित या नमुन्यात बसत नव्हता. पण नमुना इतका दृढ झाला होता की, न बसणारा पुरावाच दीर्घकाळ बाजूस राहिला. बखरकाराची निवड व संकलकाची निवड यांत साधनांचा भेद आहे. परिणामाचा भेद फारसा नाही.

५. उपसंहार

स्पर्धकांच्या स्वभावाचे अंदाज बांधण्याच्या खेळास करमणूक म्हणून आक्षेप घेण्याचे कारण नाही. किंबहुना त्यात इतिहासलेखनास दुर्लभ असा एक गुण आहे. आज केलेला अंदाज पुढील आठवड्याच्या भागात चुकीचा ठरू शकतो, आणि खेळणाऱ्यास तो सर्वांदेखत बदलावा लागतो. इतिहासातील व्यक्ती पुढील आठवड्यात पुन्हा दिसत नाही. तिच्याविषयीचा अंदाज चुकीचा ठरविणारा पुरावा अभ्यासकालाच हुडकून आणावा लागतो, आणि तोही बहुधा दप्तरांतून, परकीय भाषांतून व विरोधकांच्या पत्रांतून.

नमुना हे निरीक्षणाचे संक्षिप्त नाव आहे; त्यास वर्तनाचे कारण मानता येत नाही. ‘अमुक मनुष्य उतावळा होता, म्हणून त्याने घाई केली’ या वाक्यात एकच गोष्ट दोनदा सांगितलेली असते. चरकाने आपल्या सोळा प्रकारांपुढे अगणित भेदांची जागा मोकळी ठेवली होती. चरित्रविषयक प्रबंध लिहिणाऱ्याने स्वभावदर्शक विशेषण योजण्यापूर्वी ती कृती कोणी नोंदविली, कोणत्या परिस्थितीत घडली आणि कोणत्या कृती गाळल्या गेल्या, या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढली, तर ती जागा त्याच्याही लेखनात मोकळी राहील.